कार्पेटखालचा जिना

पत्र थोडक्यात असं आहे:

"आमचं घर भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत, आजेसासऱ्यांच्या काळातलं. खालून माडीवर जायला १५ पायऱ्यांचा लाकडी जिना आहे. १९९६ साली नणंदेच्या लग्नात सासऱ्यांनी त्यावर मरून रंगाचं कार्पेट चिकटवून घेतलं, ते अजून तसंच आहे. पावसाळ्यात कुबट वास येतो. २०१९ च्या पुरात खालच्या दोन पायऱ्या पाण्यात होत्या. धाकट्या मुलाला दमा आहे. मधल्या एका पायरीवर कार्पेट फाटलंय, त्याखाली चॉकलेटी ऑइलपेंट आणि त्याच्याही खाली पिवळसर लाकूड दिसतं. यजमानांना हॉटेलात असतं तसं चकाचक पॉलिश हवंय. एक ठेकेदार म्हणतो, वरून प्लाय ठोकू, सनमायका लावू, तीन दिवसांत मोकळे. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, देवघर माडीवर आहे. त्या म्हणतात, कार्पेट काढलंत तर मी घसरेन. २०२७ च्या सिंहस्थाला घर पाहुण्यांनी भरेल, त्याआधी हे उरकायचंय. रंग द्यावा की पॉलिश करावं? घरच्या घरी जमेल का? – एक सून, जुने नाशिक"

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं बोलणं सासूबाईंचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात भावाच्या लग्नाआधी जिन्याला चकचकीत मेलामाइन पॉलिश करून घेतलं होतं. निवड माझीच होती. जिना आरशासारखा झाला, येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा. लग्नाला आठवडा उलटला नाही तोच काकू आंघोळ करून ओल्या पायांनी वर निघाल्या आणि खालून चौथ्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं. त्यानंतर जिन्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी विचारतो, या जिन्यावरून कोण, कधी आणि कसल्या पायांनी जातं? रंगाचा प्रश्न त्यानंतर.

तुमच्या घरी उत्तर स्पष्ट आहे. चपला दारात निघतात, म्हणजे जिन्यावर अनवाणी पाय. सकाळी सासूबाईंचे ओले पाय. हातात तांब्या नाहीतर फुलांची परडी, म्हणजे आधाराला एकच हात. सणावाराला निरांजनातलं तेल एखाद्या पायरीवर सांडणारच. कार्पेटवर पाय धरून राहतो हे सासूबाईंना रोजच्या अनुभवानं माहीत आहे. तुम्हाला कार्पेट काढायचंय आणि ती पकडही ठेवायचीय. दोन्ही जमतं.

कार्पेट मात्र काढाच, त्यात मला शंका नाही. तीस वर्षं जुन्या कार्पेटची पाठ कुजून तिची पिवळी पूड होते आणि प्रत्येक पावलासरशी ती वर उडते. दमट कापडात धुळीतले माइट वाढतात, आणि दम्याच्या मुलाला त्यांचा त्रास होतो. त्यानं मुलाचा दमा जाईल असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण घरातला धुळीचा एक मोठा साठा जाईल. शिवाय पुराचं पाणी शिरलेल्या खालच्या दोन पायऱ्या कार्पेटखाली नीट सुकल्या असतील यावर माझा विश्वास नाही. तुमच्या भागात २००८, २०१६ आणि २०१९ असे तीन मोठे पूर येऊन गेले. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आलं हे बघून घरातलं सामान वर हलवणारी माणसं तुम्ही, सामान हलवलं असेल. जिना हलवता येत नाही. त्यानं ते पाणी पिऊन घेतलं.

आता ठेकेदाराच्या प्लायचं बोलू, कारण त्यात एक धोका आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा प्रत्येक पायरीवर १९ मिलिमीटरचा प्लाय आणि १ मिलिमीटरचा सनमायका बसवला. सगळ्या पायऱ्या २० मिलिमीटरनं वर आल्या. मधल्या पायऱ्यांचं आपसातलं अंतर तेवढंच राहिलं. पण खालची फरशी जागची हलली नाही, म्हणून पहिली पायरी २० मिलिमीटरनं उंच झाली. माडीची जमीनही जागची हलली नाही, म्हणून शेवटची पायरी २० मिलिमीटरनं बुटकी झाली. जिना चढताना आपण पायऱ्या बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढे त्याच मापानं उचलला जातो. वर पोचताना पाय जास्त उंच पडला की तोल जातो, उतरताना शेवटची पायरी अपेक्षेपेक्षा खोल निघाली की गुडघ्याला हिसका बसतो. इंचापेक्षा कमी फरक, पण ७४ व्या वर्षी तेवढा पुरतो. कार्पेट काढून मग प्लाय बसवला तरी हा फरक उरतोच. त्यात वर सनमायका, तो ओला झाला की निसरडा. आणि ओल्या, किडक्या लाकडावर झाकण घातलं की आत काय चाललंय ते पुन्हा दिसायचं बंद.

याउलट नुसतं कार्पेट काढलंत तर तुमचा जिना मूळ सुतारानं बसवलेल्या मापावर परत येईल. जुन्या सुतारानं तो फरशी ते माडी अशा एका हिशेबात बेतलेला असतो. म्हणून माझं मत, आहे तेच लाकूड मोकळं करा.

रंग की पॉलिश, तर दोन्ही. पाय पडतो त्या आडव्या फळ्या लाकडाच्याच ठेवून त्यांना पारदर्शक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश द्या, आणि उभ्या फळ्यांना, ज्यांना सुतार रायझर म्हणतात, रंग द्या. हे दिसायला छान दिसतं ते आहेच, पण मी सुचवतोय ते त्या चॉकलेटी ऑइलपेंटमुळे.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तुमचा रंग १९९६ च्या आधीचा आहे, तेव्हा त्यात शिसं आहे असंच धरून चाला. रंग जागच्या जागी घट्ट बसलाय तोवर त्याचा फारसा उपद्रव नाही. कोरडा घासून त्याची धूळ केली की ती श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा सगळ्यात जास्त धोका. म्हणून जिथे रंग काढल्याशिवाय गत्यंतर नाही तिथेच काढायचा. पायाखालच्या फळ्यांवर तो ठेवला तर रोजच्या घर्षणानं झिजून धूळ होत राहणार, तिथून काढावाच लागेल. उभ्या फळ्यांवर पाय घासत नाही. तिथे वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलका हात फिरवा, फक्त चकाकी मरेपर्यंत. ओल्या फडक्यानं पुसा, सुकल्यावर प्रायमरचा एक हात आणि वर इनॅमलचे दोन हात. जुना रंग नव्या रंगाखाली बंद होऊन जाईल.

घरच्या घरी काय जमेल? कार्पेट काढणं जमेल, उभ्या फळ्या रंगवणं जमेल. आडव्या फळ्यांचा जुना रंग उतरवणं आणि पायऱ्यांची दुरुस्ती माहितगार माणसाकडून करून घ्या.

कार्पेट वरून खाली काढत या. धारदार कटरनं प्रत्येक पायरीचा तुकडा वेगळा कापा, आधी पाण्याचा फवारा मारून ओलसर करा म्हणजे धूळ कमी उडेल. कोपरा पकडीत धरून ओढा. खाली चुका आणि पिना निघतील, त्या एकूण एक उपसायच्या. डोळ्यांना सगळ्या दिसत नाहीत. जुना नायलॉनचा मोजा हाताच्या पंजावर चढवून अलगद फळीवरून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे पिन आहे. एक पिन राहिली तरी सुताराच्या रंध्याचं पातं जातं, आणि ती नंतर कुणाच्या तळपायात घुसेल ते वेगळंच. निघालेले तुकडे लहान करून, बांधून ठेवा आणि घंटागाडीवाल्या दादांना आधी विचारून द्या. अंगणात जाळू नका, त्या धुराला मुलगा काय, तुम्हीही टिकणार नाही. नदीचं तर नावच नको.

या कामाच्या दिवसांत मुलाला मामाकडे पाठवा. तुम्ही एन ९५ मास्क लावा. केरसुणी अजिबात चालवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं आणि ती फडकी टाकून द्यायची. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून शिशाची बारीक धूळ मागच्या बाजूनं परत घरात येते, म्हणून तोही नको.

कार्पेट निघालं की दोन दिवस काहीच करू नका. जिना बघा. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा. जिन्याखालची अडगळ बाहेर काढा, कारण जिन्याची खरी तब्येत खालून कळते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक फळी ठोकत जा. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं भदभद वाजतं. टोक रोवून बघा, सहज आत गेलं तर ती फळी गेली. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, पिठासारखी पूड आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा. दोन्हींना औषध आधी, पॉलिश नंतर. कुठली पायरी करकरते तेही खडूनं लिहून ठेवा. करकर म्हणजे खिळा सैल होऊन लाकडावर लाकूड घासणं. सुतार खालून सागाची पाचर सरस लावून ठोकतो आणि खिळ्याऐवजी स्क्रू आवळतो, आवाज बंद. हे काम खालून करता येतंय तर वरून कुणाला खिळे ठोकू देऊ नका.

खालच्या दोन पायऱ्या मला मुळापासून संशयास्पद वाटतात. त्या कुजलेल्या निघाल्या तर तिथे परत लाकूड बसवू नका. जुन्या वाड्यांत लाकडी खांब थेट जमिनीवर उभा करत नसत, खाली दगडाचा तळखडा असायचा, आणि पुष्कळ जिन्यांची पहिली पायरी दगडाचीच असायची. जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून. काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या घडवून घ्या, वरचा पृष्ठभाग छिन्नीनं टाकी मारून खरखरीत ठेवलेला, घोटलेला नको. उंची मात्र बाकीच्या पायऱ्यांशी मिलिमीटरमध्ये जुळवून घ्यायची, मघाच्याच कारणासाठी. जिन्याच्या बाजूच्या तिरक्या तुळया त्या दगडावर टेकवायच्या. पुढचा पूर आला तर निदान ते पाणी दगडाला लागेल.

लाकूड साग आहे का हे रंग उतरल्यावर कळेल. कडेला रंध्याचा एक हात मारा. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट, आणि तो ओळखीचा चामड्यासारखा वास आला की साग. तुमच्या भागात आणि त्या काळातल्या घरात तो निघण्याची शक्यता भरपूर. पण १५ पैकी एखाद-दोन फळ्या मधल्या काळात कुणी दिवदाराच्या बसवल्या असतील तर त्या पांढुरक्या, हलक्या आणि नखानं दबणाऱ्या निघतील. त्या बदलायला जुना साग शोधा. वाडा उतरवलेल्यांकडे जुन्या तुळया विकायला असतात, आणि तसं मुरलेलं लाकूड नव्यापेक्षा कमी वाकतं. सगळ्याच फळ्या दिवदाराच्या किंवा प्लायच्या निघाल्या तर पारदर्शक पॉलिशचा हट्ट सोडा आणि त्यांनाही जमिनीवरचा म्हणून मिळणारा कडक रंग द्या, वाईट वाटून घेऊ नका.

आडव्या फळ्यांचा रंग काढायला जेलीसारखं पेंट रिमूव्हर लावून, फुगलेला रंग पत्र्याच्या पट्टीनं ओलाच खरवडायचा. कार्पेटचा जुना सोल्युशनचा थरही त्यातच निघतो. रबरी हातमोजे, उघड्या खिडक्या, पंखा बाहेरच्या दिशेनं. ब्लो टॉर्चनं जाळून काढतो असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार करा. शिशाची वाफ होते, आणि जुन्या नाशकातली घरं एकमेकांना खेटून लाकडाची आहेत. रिमूव्हर असो की थिनर, जिन्याखाली गॅसचा सिलिंडर किंवा इन्व्हर्टर असेल तर आधी तो हलवा, आणि त्या दिवशी वरच्या देवघरात समई नको.

रंग गेल्यावर लाकूड लाकडाच्या रेषेनंच घासायचं, आडवं नाही. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी १८०. पायरीला त्याहून गुळगुळीत करू नका, २२० च्या पुढे गेलात तर पकडही जाते आणि पॉलिशही नीट धरत नाही. पायरीची पुढची कड थोडी गोल करून घ्या, धारदार कडेवर पॉलिश सगळ्यात आधी उडतं. खिळ्यांच्या भोकांत लांबी भरायची ती लाकडाच्याच रंगाची. साग तेलकट असतो, म्हणून पॉलिशच्या अगदी आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचा, नाहीतर वरचा थर पापडासारखा सुटतो.

आता पॉलिशवाला. तो तुम्हाला मेलामाइन सांगेल, कारण ते लवकर सुकतं आणि चमकतं. कपाटाला उत्तम, पायरीला नको. लाख-स्पिरिटचं जुनं पॉलिश दिसायला त्याहून सुंदर, पण पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग. पायरीला पीयू, तेही मॅट. त्यात दोन प्रकार मिळतात, हार्डनर मिसळायचं आणि पाण्यावर आधारलेलं. हार्डनरचं जास्त कडक होतं, पण त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाच्या वाफांनी दमा उसळतो हे पक्कं माहीत असलेलं आहे. तुमच्या घरात मी पाण्यावर आधारलेलंच लावेन, जमिनीसाठी म्हणून विकतात ते, दोनऐवजी तीन हात. दर दोन हातांमध्ये २२० चा पेपर हलका फिरवायचा. त्या डब्यावरही हार्डनर वेगळा दिलेला नाही ना, हे घेण्याआधी बघून घ्या. मुलाला वास पूर्ण जाईपर्यंत आणू नका, घाई केलीत तर इतका सगळा खटाटोप कशासाठी?

सामान किती लागेल याचा हिशेब तुम्हीच करा, म्हणजे कुणी डबे वाढवून सांगणार नाही. पायरी ३ फूट लांब आणि ९ इंच रुंद धरली तर सव्वादोन चौरस फूट. १५ पायऱ्यांचे साधारण ३४. तीन हातांचे १०२. गुळगुळीत लाकडावर एक लिटर पीयू एका हाताला ८० ते १०० चौरस फुटांवर पसरतं, म्हणजे दीड लिटरमध्ये भागतं. उभ्या फळ्या ८ इंचांच्या असतील तर ३० चौरस फूट, इनॅमलचा एक लिटरचा डबा दोन हातांना पुरून उरेल. रंग कुठला, तर मी फिकट पिवळसर सुचवेन. पांढराशुभ्र फोटोत छान दिसतो, पण पाय अडखळून बोटांचे ठसे उठतात. सागाशेजारी पिवळसर रंग अंधाऱ्या जिन्यात उजेडही देतो.

पकडीचं राहिलं. प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला २ इंचांची पट्टी सोडून मागे मास्किंग टेप लावायची. पट्टीवर पीयूचा ओला हात द्यायचा आणि त्यावर चहाच्या गाळणीतून बारीक, धुऊन सुकवलेली वाळू भुरभुरायची. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू मऊ ब्रशनं झाडून वर एक पातळ हात. अनवाणी पायाला खरखर जाणवते पण टोचत नाही, आणि ओल्या पायाला धरते. शेवटच्या हातात थोडा गडद रंग मिसळला तर कड लांबून उठून दिसते, उतरताना वयस्क नजरेला त्याचा फार आधार होतो. बाजारात खरखरीत चिकटपट्ट्याही मिळतात, पण रोजच्या पुसण्यानं त्यांचे कोपरे उचलतात आणि मग त्याच पायात येतात. फळ्या दीड इंच जाड असतील तर कडेला तीन उथळ खाचा मारणं हा आणखी एक जुना उपाय आहे, पातळ फळीला तो करू नका.

कठड्याकडे बघा. राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, घरातल्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच आणि कमीत कमी २५० मिलिमीटर रुंद असावी असं आहे. जुने जिने याहून खडे आणि अरुंद असतात, तुमचाही असेल. माप बदलता येत नाही, पण दोन्ही बाजूंना साधारण ३ फूट उंचीवर हातात मावेल असा गोल लाकडी कठडा लावता येतो, पहिल्या पायरीच्या थोडा आधी सुरू होणारा आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे जाणारा. पुष्कळ जुन्या जिन्यांना एकाच बाजूला आधार असतो, आणि चढताना उजवा हात धरला तर उतरताना डावा येतो. जोडीला वर-खाली टू-वे स्विच आणि एक चांगला दिवा. या दोन गोष्टींवर खर्च करायला पॉलिशमधून पैसे वाचवावे लागले तरी वाचवा.

केव्हा करायचं, तर पाऊस पूर्ण थांबू दे. दमट हवेत पॉलिशवर धुरकट पांढरी छटा येते आणि लाकूडही फुगलेलं असतं. दिवाळी झाली की सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे फार गारठा असतो, गारठ्यात पीयू वाळत नाही, म्हणून हात द्यायचा तो सकाळी १० नंतर आणि दुपारी ३ च्या आत. सिंहस्थाचे पाहुणे यायला त्यानंतर भरपूर वेळ उरतो. एक आड एक पायरी रंगवून जिना वापरत राहायची युक्ती सगळे सांगतात. तरण्या पायांना ती ठीक. तुमच्या खड्या जिन्यावर सासूबाईंना दोन-दोन पायऱ्या ओलांडायला लावू नका. आठ-दहा दिवस देव खाली आणा, सासूबाईंचं अंथरूणही खालीच. पीयू हाताला कोरडं लागलं तरी आत पक्कं व्हायला आठवडाभर घेतं, तोवर त्यावर काही सरकवू नका.

पुढे पुसताना पिळलेलं फडकं, पाणी ओतायचं नाही. लाकूड आहे म्हणून खोबरेल चोळायची आपल्याकडे सवय असते, पायरीवर ती कटाक्षानं टाळा. आणि सासूबाईंसाठी म्हणून पायऱ्यांवर सुट्या सतरंज्या किंवा पायपुसणी टाकू नका, सुटं कापड चकचकीत पॉलिशहून वाईट. जिन्याच्या पायथ्याशी मात्र रबरी पाठीचं जाड पायपुसणं ठेवा, ओले पाय तिथे कोरडे होऊ देत.

यजमानांना आणि सासूबाईंना आत्ताच काही पटवत बसू नका. कार्पेट निघून दुरुस्ती झाली की सगळा जिना रंगवण्याआधी खालच्या दोनच लाकडी पायऱ्या पूर्ण करा, एकीवर वाळूची पट्टी, दुसरी नुसती मॅट. आठवडाभर सुकू द्या. मग सासूबाईंना म्हणा, रोजच्यासारखी आंघोळ करून या, आणि कठडा धरून दोन्हींवर उभ्या राहून बघा. यजमान शेजारी उभे असू देत, त्यांनीही पाय ओले करून बघावं. जिच्यावर सासूबाईंचा पाय ठरेल, उरलेल्या पायऱ्या तशाच करून घ्या.